मदत हवी आहे: बाबा १८ वर्षांनी गाणार आहेत, पट्टीवरून घरात भांडण

रामबागची_चिमणी (१८ फेब्रुवारी २०२४)

नमस्कार मंडळी. इथे गाण्यातले जाणकार आहेत म्हणून विचारते. मी इंदूरची. लहानपणी पेटीवर सारेगम वाजवलं, त्यापुढे माझी गाडी गेली नाही.

१ फेब्रुवारीला बिली जोएल या अमेरिकन गायक-पियानोवादकाचं नवं गाणं आलं, 'टर्न द लाइट्स बॅक ऑन'. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो आणि कॉलेजपासून या माणसाचा भक्त आहे. त्याने घरच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लावली. आम्हाला काही कळेना, तेव्हा त्याने फोन करून सगळी कुंडली सांगितली. वय ७४. नव्या गाण्यांचा शेवटचा अल्बम १९९३ चा. २००७ मध्ये एक-दोन सुटी गाणी, आणि त्यानंतर नुसते जुन्या गाण्यांचे कार्यक्रम. आता एकदम हे, म्हणजे आपण फार उशीर तर नाही ना केला, असं कुणालातरी विचारणारं. भावाचं म्हणणं, बायकोला विचारल्यासारखं वाटतं, पण तो आम्हा ऐकणाऱ्यांनाच विचारतोय. त्याच्या सगळ्या मित्रांना तसंच वाटलं म्हणे.

आता माझी अडचण. बाबांनी (वय ७१) आयुष्यात इंग्रजी गाणं ऐकलेलं नाही. हे चार वेळा ऐकलं आणि म्हणाले, "हे तर भावगीतच आहे की. पियानोवर म्हटलंय इतकंच." बाबा आधी भावगीतं म्हणायचे. अरुण दाते आपल्या इंदूरचे म्हणून त्यांची जरा जास्तच. २००६ च्या गणपतीत तार सा (वरच्या सप्तकातला सा) लावताना आवाज फाटला. कोणी हसलं नाही, कोणी काही बोललंसुद्धा नाही. घरी येऊन त्यांनी पेटी खोक्यात घातली ती घातलीच. २००७ ऐकल्यावर त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे माझं याच्यापेक्षा एक वर्ष जास्तच."

तर पेटी बाहेर निघाली आहे. गाण्यावर त्यांनी स्वतः मराठी शब्द बसवलेत आणि ९ एप्रिलला, पाडव्याच्या सकाळी, कॉलनीच्या कार्यक्रमात म्हणायचं ठरवलंय. पण पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून गायचं तो, काळी एकच (पेटीवरची पहिली काळी) हवी, "माझी पट्टी तीच." वरच्या ओळीला रोज खोकला येतो. शिवाय गाण्याची चाल पेटीवर कशीतरीच लागते, आणि मधला एक सूर भाता हलवला की आपोआप वाजत राहतो. रोज संध्याकाळी गाऊन झालं की विचारतात, "खरं सांग, कसं झालं?" मी म्हणते छान. त्यांना कळतं.

काय करू?

काळी_पाच (ग्वाल्हेर)

ताई, पहिली चूक सगळेच करतात: पट्टी मुखड्यावरून ठरवतात. उद्या बाबांना सुरुवात म्हणायला लावूच नका. सगळ्यात वरची ओळ आधी म्हणायला सांगा, नुसती, चार वेळा. जिथे ती मान ताणल्याशिवाय निघेल ती पट्टी धरा आणि बाकीचं गाणं तिच्याखाली येऊ द्या. माझा अंदाज, काळी एकवरून दोन सूर खाली, म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी सात, किंवा आणखी एक खाली काळी पाच.

वय झालं की वरचे सूर आधी रुसतात. खालचे उलट भरदार होतात, पण माणूस त्यांच्याकडे बघत नाही, त्याचं लक्ष गेलेल्या सुरांवर. आणि ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो बिली जोएलसुद्धा जुनी गाणी हल्ली मूळ पट्टीच्या खाली गातो. हे बाबांना जरूर सांगा.

दुसरं, तुम्ही लिहिलंय सराव संध्याकाळी आणि कार्यक्रम सकाळी. सकाळी गळा उघडलेला नसतो. आठवड्यातून दोन दिवस तरी सकाळी, कार्यक्रमाच्याच वेळेला म्हणू द्या. नाहीतर पाडव्याला पुन्हा तीच गत व्हायची.

भाता_फुटला

आपोआप वाजणारा सूर म्हणजे बोटाने दाबायच्या पट्टीखालची झडप नीट बसत नाहीये. इतकी वर्षं खोक्यात म्हणजे धूळ, नाहीतर कसर लागली असेल. तेल सोडू नका. ओला कपडा नको. घरात पेचकस घेऊन बसणारे एक काका असतातच, त्यांना चहा द्या आणि पेटीपासून लांब बसवा. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या आणि त्याला सांगा की सगळे सूर एकदा मिळवून दे.

सहा_मात्रा (वडोदरा)

चाल कशीतरीच का लागते ते सांगतो. त्या गाण्यात पियानो तीन-तीनच्या झोक्यात वाजतो. पियानोचा सूर वाजला की विरतो, म्हणून ते तुटक सूर गोड लागतात. पेटीचा सूर भाता आहे तोवर विरत नाही. तेच तुकडे पेटीवर वाजवले की शिवणयंत्र चालू आहे असं वाटतं. त्यामुळे बाबांनी नक्कल सोडावी. सा-प धरून ठेवावा, गळ्याच्या मागे मागे जावं, बस. झोका तबल्यावर सोपवा: सहा मात्रांचा दादरा, धा धी ना धा ती ना, अगदी संथ, भरणा न करता.

आणि पट्टी उतरवलीत तर तबलजीला आधी कळवा. काळी एकचा तबला आयत्या वेळी दोन सूर उतरवला तर ढप् ढप् बोलतो. त्याला खालच्या सुराचा, जरा मोठ्या तोंडाचा तबला आणावा लागेल.

जुनी_कॅसेट

मदत नाही, नुसती कुरकुर. गाणं उत्तम, पण व्हिडिओत एआय वापरून त्याला तरुण केलंय ते बघवलं नाही. सत्तरच्या दशकातला, मग ऐंशीतला, मग नव्वदीतला, आणि सगळे आजचं गाणं म्हणतायत. माझ्यासारख्याने ते चेहरे कॅसेटच्या कव्हरवर पाहिलेत हो. त्यापेक्षा ४ फेब्रुवारीला ग्रॅमीच्या मंचावर पिकल्या दाढीने म्हटलं ते कितीतरी बरं.

रामबागची_चिमणी

@जुनी_कॅसेट, आमच्याकडेही हाच वाद झाला! बाबांना वाटलं जुनी चित्रफीत आहे. भावाने सांगितलं, कॉम्प्युटरने केलंय. बाबा म्हणाले, "आणि गळा?" गळा आजचाच, म्हटल्यावर म्हणाले, "मग काय हरकत आहे, हार्मोनियमलापण आपण पॉलिश करतोच."

वकील_नाही_पण

कोणी विचारलं नाही तरी सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रेक्षकांसमोर गाणं सादर केलं तर त्याला सूट आहे. म्हणजे कॉलनीत चालेल. पण दुसऱ्याच्या गाण्याचे शब्द आपल्या भाषेत करणं हा मूळ कवीचा हक्क, आणि रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं ही आणखी वेगळी गोष्ट. फ्रेडी वेक्सलर वगैरे मंडळी त्या गाण्याचे सहलेखक आहेत, नुसता बिली जोएल नाही. घरच्या ग्रुपपुरतं ठेवा.

माळवी_मिरची (देवास)

पाडव्याच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिलला, कुमारजींची (गायक कुमार गंधर्व) जन्मशताब्दी पुरी होते. १९४८ मध्ये क्षय घेऊन देवासला आले, काही वर्षं गाणं बंद, आणि पुन्हा उभे राहिले ते वेगळंच गाणं घेऊन. कमी श्वासात काय होतं त्याचं त्यांनी...

भाता_फुटला

आला! मिरचीताई, धागा पोह्यांचा असला तरी तुम्ही कुमारजींवर येता.

माळवी_मिरची

येते. का येऊ नये? माझा मुद्दा पुरा करू द्या भिया. त्यांनी जुन्या लांब ताना ओढत बसण्यापेक्षा श्वासाला झेपतील असे छोटे तुकडे केले. चिमणीताई, बाबांचे शब्द मोठ्या ओळींचे आहेत का ते बघा. मराठीत शब्दांच्या आघातावर ओळ तोडता येते. एका श्वासात मावत नसेल तर दोष गळ्याचा नाही, ओळीचा आहे, आणि ओळ तर त्यांनीच लिहिलीय. बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.

काळी_पाच

हे मात्र पटलं.

आणि ताई, "छान" म्हणणं बंद करा. माझ्या वडिलांना मी दहा वर्षं छान म्हटलं, त्यांनी मला विचारणंच सोडलं. एकच गोष्ट सांगायची, नेमकी. "दुसऱ्या ओळीला श्वास कमी पडला." बस. त्यांना दुरुस्त करायला काहीतरी हातात मिळतं. २००६ मध्ये कोणी काही बोललं नाही म्हणता ना, तोच घाव असेल.

रामबागची_चिमणी (३ मार्च २०२४)

सगळ्यांचे आभार. पेटी दुरुस्त झाली, झडपेखाली खरंच कसर निघाली. वरची ओळ आधी म्हणायची युक्ती मी माझीच म्हणून खपवली. काळी एक, पांढरी एक करत करत पांढरी सातला खोकला न येता निघाली. बाबा पाच मिनिटं गप्प, मग म्हणाले, पेटीवाल्याने सूर चढवून मिळवलेत म्हणून खाली यावं लागलं.

काल सकाळी सातला म्हटलं. "खरं सांग" आलं. मी म्हटलं, दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ लांब आहे, शेवटचा शब्द ऐकूच येत नाही. एकदम चष्मा शोधायला उठले. चार शब्द होते, त्यातले दोन काढले. भावाला व्हिडिओ कॉलवर ऐकवलं तर तो म्हणाला, मूळ गाण्याशी याचा काही संबंध उरलेला नाही. बाबांना हे फार आवडलं.

मग मी त्यांना हा धागा दाखवला. सगळा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. काळी_पाच यांना निरोप आहे, जसाच्या तसा टाकायला सांगितलाय: "पांढरी सात मान्य. काळी पाचवर मी जाणार नाही, ती तुम्हाला लखलाभ."