हरवलेल्या कुत्र्याचं लोकेशन ग्रुपवर टाकणं बंद करा, असं माझं मत आहे. तुमचं काय?

नासर्डीकाठ
दिवाळी संपली, आता लग्नाच्या वराती सुरू झाल्यात, म्हणजे फटाके चालूच. आणि नाशकात दरवर्षी या दिवसांत हेच होतं, कुणाचा लॅब्राडोर गेटमधून सुटून गेला, कुणी दत्तक घेतलेली गावठी मादी पट्ट्यातून मान काढून पळाली, मग सगळ्या ग्रुपवर फोटो, खाली बक्षिसाची रक्कम, आणि तासाभरात कुणीतरी "आत्ता दिसली, राणेनगर बोगद्यापाशी" म्हणून लाइव्ह लोकेशन टाकतं. मी अशी हरवलेली कुत्री शोधणाऱ्यांसोबत बरीच वर्षं फिरतोय, आणि माझं आता पक्कं मत झालंय की हे लोकेशन टाकणं थांबलं पाहिजे. दिसलं तर एकाच नंबरवर कळवायचं आणि बाकी सगळ्यांनी त्या जागेपासून लांब राहायचं. यात मालकाचे मित्र, भाऊ, मेहुणे सगळे आले.

कारण घाबरून पळालेलं कुत्रं हे तुमच्या घरातलं कुत्रं राहिलेलं नसतं. आधी ते नुसतं सुसाट पळतं, मग कुठेतरी आडोसा धरतं, नाल्याचा पाइप, बंद बंगल्याचं आवार, बांधकामाची साइट, काहीही, आणि दिवसभर तिथे अंग चोरून पडतं. रात्री रहदारी थांबली की खायला बाहेर येतं, उजाडायच्या आत परत आत. या अवस्थेत माणूस दिसला की पळायचं एवढंच त्याला कळतं. नावाने हाक मारली तरी पळतं, घरच्या माणसाने मारली तरी पळतं. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं माझा आवाज ऐकला की धावत येईल, काही येतातही, पण जे भित्रं आहे, नुकतंच घरात आलेलं आहे, ते नाही येत. ते जागा सोडतं. आणि आपल्याकडे जागा सोडली की पुढे मुंबई-आग्रा हायवे आहे.

इंदिरानगरला गेल्या आठवड्यात असंच झालं. एक तपकिरी गावठी मादी जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या बाजूला टिकली होती, रोज रात्री ठरलेल्या वेळी एकाच जागी उकडलेली कलेजी ठेवत होतो, शेजारी मालकिणीचा न धुतलेला टीशर्ट, आणि जुना मोबाईल पॉवरबँकला जोडून कॅमेऱ्यासारखा झाडाला बांधला होता. ती येत होती, खात होती. पिंजरा आणून ठेवला होता, दार बांधून उघडंच, म्हणजे आधी तिला आत जाऊन खायची सवय लागू दे, मग दार लावायचं. तेवढ्यात कुणीतरी लोकेशन टाकलं. पोरं बाइकवरून आली, टॉर्च, शिट्ट्या, नावाने हाका. चांगल्या मनानेच आली होती सगळी, मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण ती सर्व्हिस रोड ओलांडून पाथर्डी फाट्याच्या दिशेने गेली आणि अजून सापडलेली नाही.

गंगापूररोडची_आई
मला हे अजिबात पटलेलं नाही आणि मी अनुभवातून बोलतेय. आमचा कुत्रा गेला होता तेव्हा आम्ही फोटो, लोकेशन, सगळं सगळीकडे टाकलं, आणि तो मिळाला तो एका पेपर टाकणाऱ्या मुलामुळे, त्याने पहाटे सोमेश्वरकडे जाताना बघितला आणि ग्रुपवर टाकलं म्हणून आम्ही दहा मिनिटांत पोचलो. तुमच्या पद्धतीने गेलो असतो तर तो मेसेज कुणा एकाच्या फोनवर पडून राहिला असता, तो माणूस झोपलेला असता.

आणि दुसरं, हे स्वयंसेवक येतात आणि पहिल्यांदा मालकालाच सांगतात की तुम्ही लांब थांबा, हाक मारू नका, इकडे फिरू नका. अहो माझं लेकरू हरवलंय आणि मी घरात बसू? कुणी अधिकार दिला तुम्हाला? तुमची कळकळ खरी असेल, नाही म्हणत नाही, पण माझ्या कुत्र्याला तुम्ही एका दिवसात माझ्यापेक्षा जास्त ओळखायला लागता हे मला झेपत नाही.

नासर्डीकाठ
ताई, तुमचा कुत्रा मिळाला याचा आनंदच आहे. पण तुमचा कुत्रा बिनधास्त होता, माणसात वाढलेला, दहा मिनिटांनी पोचलात तरी तिथेच होता आणि तुमच्याकडे आला. मी बोलतोय ते घाबरलेल्याबद्दल. दोन्हीची गाठ एकच मारता येत नाही.

फोटो टाकू नका असं मी कुठे म्हणालो? फोटो शंभर ठिकाणी टाका, पेपरवाले, दूधवाले, घंटागाडीवाले, रिक्षा स्टँड, सिक्युरिटी गार्ड, रात्री-पहाटे जागे असणारे सगळे लोक पकडा, त्यांच्याइतकं कुणाला दिसत नाही. फक्त त्या फोटोखाली मोठ्या अक्षरात लिहा की पाठलाग करू नका, हाक मारू नका, फोटो काढा आणि फोन करा. आणि बक्षिसाचा आकडा लिहू नका. आकडा बघितला की लोक पकडायलाच धावतात.

मालकाला घरात बसवत नाही कुणी. मालकाचंच काम सगळ्यात मोठं असतं, खाणं ठेवायला तुम्हीच जा, तुमचा वास तिथे पडू दे. समोर आलं तर जिथे आहात तिथेच खाली बसा, त्याच्याकडे कूस करून, डोळ्यात न बघता, हातातलं खाणं थोडं थोडं आजूबाजूला टाकत राहा. अर्धा तास लागेल, दोन तास लागतील. पण तुम्ही एकटेच, मागे आठ जण उभे करून नाही.

आडगावचा_बागायतदार
शहरातली ही चर्चा वाचली, आता आमचंबी ऐका. तुमचं कुत्रं शहरात राहत नाही, ते पळत पळत आमच्या मळ्यात येतं. आणि त्याच्या मागं तुमचे स्वयंसेवक येतात, रात्री दीड-दोन वाजता टॉर्च घेऊन. ऑक्टोबर छाटणीनंतर बागा आता फुलोऱ्यात आहेत, काही ठिकाणी मणी धरतायत, हे दिवस द्राक्षाला किती नाजूक असतात ते ज्याची बाग आहे त्यालाच ठाऊक. ठिबकच्या नळ्या तुडवतात, तारेला हिसका बसतो, काड्या मोडतात. विचारायचं नाही, सांगायचं नाही.

वरून बिबट्या. आमच्याकडं अंधारात हालचाल दिसली की माणूस आधी बिबट्याच समजतो किंवा चोर, आणि काठी-कुऱ्हाड घेऊन दहा माणसं बाहेर पडतात. एखाद्या दिवशी तुमच्याच पोराच्या डोक्यात बसंल काहीतरी, मग कोण जबाबदार? आणि तुम्ही ते कलेजीचं ताट रात्रभर बांधावर ठेवता त्यानं काय काय येतं माहितीय का? आधीच वस्तीवरची कुत्री बिबट्या उचलून नेतो, त्यात तुम्ही आमंत्रण देताय. आमची लेकरं पहाटे त्याच वाटेनं क्लासला जातात.

सातपूर_सेकंडशिफ्ट
आडगावच्या दादांना पाठिंबा. मी एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करतो, रात्री साडेबारा-एकला बाइकवर घरी येतो, रोज सातपूर ते अशोकनगर कुत्र्यांचं टोळकं मागे लागतं. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या सहा वर्षांच्या मुलीला चावलं, गालावर. तिच्यासाठी कुणी रात्र जागलं नाही, कुणी पोस्टर लावलं नाही. आणि इथे एका घरातल्या कुत्र्यासाठी कॅमेरे, पिंजरे, कलेजी. मला राग कुत्र्याचा नाही, पण हा सगळा जीव फक्त पाळलेल्यासाठीच का?

आणि रस्त्यावर खाणं ठेवायला तर सुप्रीम कोर्टानेच मनाई केलीय ना? २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश आहे, ठरवून दिलेल्या जागीच खायला घालायचं. मग तुमचं हे रोज रात्रीचं ताट कुठल्या नियमात बसतं?

नासर्डीकाठ
त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, आणि त्यावर मी वाद घालणार नाही. भटक्यांची नसबंदी आणि लसीकरण जोरात झालं पाहिजे, त्याच आदेशात तेही आहे, नसबंदी आणि लसीकरण करून त्याच भागात परत सोडायचं, रेबीज झालेली किंवा अंगावर धावून जाणारी मात्र सोडायची नाहीत. त्यासाठी मनपाच्या मागे लागू, मी येतो तुमच्याबरोबर. पण एक झालं नाही म्हणून दुसरं करूच नका, हे मला मान्य नाही. रात्र जागणारी माणसं पगारी नाहीत, सकाळी तीही कामावर जातात.

ताटाबद्दल तुमचं बरोबर आहे. आम्ही वाटीभरच ठेवतो, कॅमेऱ्यावर लक्ष असतं, आणि खाऊन झालं किंवा दुसरी कुत्री आली की उचलतो, भटकी जमली तर घाबरलेलं कुत्रं तिथे फिरकणारही नाही. पण रस्त्यावर, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आसपास ठेवूच नये, सोसायटीच्या किंवा कुणाच्या खासगी आवारात परवानगीने ठेवावं, हे मी आमच्या लोकांना आधीपासून सांगतोय आणि सगळे ऐकत नाहीत, तेही खरं.

आडगावच्या दादांचं तर शब्दन्‌शब्द मान्य. बिबट्याचं ते नुसतं भीतीपोटी बोलत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात, म्हणजे आपल्या शेजारीच, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात बिबट्याच्या खाद्यात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला होता. म्हणूनच मळ्यात शिरलेलं कुत्रं लवकर काढायला हवं, आणि म्हणूनच मळेवाल्याला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायला नको.

जनावरांची_डॉक्टर
मी पशुवैद्यक आहे, दोन्ही बाजू वाचल्या, आणि माझी तक्रार वेगळीच आहे. लोकेशन टाका नाहीतर टाकू नका, हे घाबरलेलं कुत्रं पकडायला जाणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी स्वतः रेबीजची लस घेतलीय? माझ्याकडे कुत्रं घेऊन येतात आणि हातावर दाताचे व्रण असतात, विचारलं की म्हणतात "अहो पाळीवच आहे, लसीकरण झालेलं आहे". अरे, ते इतके दिवस बाहेर होतं, कुणाशी भांडलं, कुणी चावलं, माहितीय का? घाबरलेलं कुत्रं कोपऱ्यात सापडलं की चावणारच, त्याचा दोष नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर रेबीज टळतो. चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काहीही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, द्यावं लागतं. जे वारंवार पकडायला जातात त्यांनी आधीच प्रतिबंधक डोस घेऊन ठेवावेत. हे न करता रात्री नाल्यात उतरणारे स्वयंसेवक मला धाडसी वाटत नाहीत, मला त्यांची काळजी वाटते.

आणि हो, मायक्रोचिप. लोकांना वाटतं चिप लावली की मोबाईलवर कुत्रं कुठे आहे ते दिसतं. नाही दिसत. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो आणि तो रीडर जवळ धरल्यावरच वाचता येतो. सापडल्यावर मालक कोण हे कळायला उपयोगी, शोधायला नाही. त्यामुळे गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. आणि नवीन आणलेल्या भित्र्या कुत्र्याला पहिले काही महिने कॉलर आणि हार्नेस दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्यांनी, एक निसटली तर दुसरी राहते.

गंगापूररोडची_आई
डॉक्टर, हे उपयोगी सांगितलंत.

पण मूळ मुद्द्यावर मी अजून तिथेच आहे. फोटोखाली पाठलाग करू नका लिहा, ठीक. बक्षिसाचा आकडा नको, तेही ठीक. पण तो नंबर माझा असेल, स्वयंसेवकांचा नाही. कुठे दिसला ते आधी मला कळलं पाहिजे, मग कुणाला सांगायचं ते मी ठरवेन. मागे आमच्या ओळखीत एका मुलीला शोधणाऱ्यांनी दोन दिवस लोकेशनच सांगितलं नाही, का तर ती रडत रडत तिथे पोचेल आणि कुत्रं बिथरेल म्हणून. कुत्रं मिळालं शेवटी, पण ती अजून त्या लोकांशी बोलत नाही.

नासर्डीकाठ
ते चूकच होतं. मालकापासून लपवायचं नाही, माझं म्हणणं गर्दीपासून लपवायचं एवढंच आहे. नंबर मालकाचा असू दे. पण मग रात्री फोन चालू ठेवायचा, झोप आली तर घरातल्या दुसऱ्याकडे द्यायचा, आणि फोन आल्यावर चार गाड्या काढून निघायचं नाही. हे शेवटचं पाळणारे मालक मला फार कमी भेटलेत, म्हणून आमची पोरं कधीकधी सांगायचं टाळतात. मी त्याचं समर्थन करत नाही.

सातपूर_सेकंडशिफ्ट
नसबंदीसाठी मनपाकडे जायचं म्हणालात, ते लिहिण्यापुरतं नको. माझी सोमवारी सुट्टी असते. आमच्या गल्लीतले पाच-सहा जण येतील अर्जावर सही करायला.

नासर्डीकाठ
सोमवारी येतो. वेळ मेसेज करा.

आडगावचा_बागायतदार
आमच्याकडं यायचं असंल तर आधी पोलीस पाटलाला फोन, नाहीतर ज्याचा मळा त्याला. उजेडात येऊन जागा बघून जा, आम्हीच सांगू कुत्रं कुठं बसतंय, रात्री पाण्याची पाळी असली की आम्ही जागेच असतो. फवारणी चालू असंल त्या दिवशी बागेत यायचं नाही, कुत्र्याचं खाणंबी ठेवायचं नाही. आणि माणसं दोन. तिसरा दिसला की मी परत पाठवीन.

ती तपकिरी मादी पाथर्डी फाट्याकडं गेली म्हणालात ना, माझा साडू पाथर्डी गावातच असतो, त्याला फोटो पाठवतो. दिसली तर तिच्या मालकिणीला कळवंल. नंबर द्या तिचा, ग्रुपवर नको, मला वेगळा पाठवा.