मदत हवी आहे: सपाट एचटीएमएलमधून प्रकरण-उपप्रकरण अशी उतरंड कशी करू?

पाटावरचं_पाणी: आजोबांच्या आठवणी टाइप करून घेतल्यात, फाइल एचटीएमएल आहे पण सगळं एका रांगेत, एच1 (मोठं शीर्षक), मग पी (परिच्छेद), पी, मग एच2 (उपशीर्षक), परत पी. मला प्रकरणाच्या पोटात उपप्रकरण आणि त्याच्या पोटात परिच्छेद हवेत. एक्सएसएलटी (एक्सएमएल-एचटीएमएलची रचना बदलायची भाषा) मधलं गट पाडणारं फॉर-ईच-ग्रुप वापरलं, चालत नाही. तीन रात्री गेल्या, लवकर सांगा कुणीतरी.

सदाफुली: चालत नाही म्हणजे काय होतं? चालवताय कशावर?

पाटावरचं_पाणी: एक्सएसएलटीप्रोक, लिनक्सवरचा एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्रॅम. व्हर्जन 2.0 लिहिलंय की वर. 'फक्त 1.0' असं काहीतरी येतं, ते वॉर्निंग म्हणून सोडून दिलं.

सदाफुली: तेच तर कारण आहे! त्याला 1999 चं एक्सएसएलटी 1.0 तेवढंच कळतं, फॉर-ईच-ग्रुप 2007 च्या 2.0 मधलं. सॅक्सॉन एचई घ्या, त्याला 2.0 कळतं, फुकट आहे, जावा लागेल. ग्रुप-स्टार्टिंग-विथला, म्हणजे नवा गट कशापासून सुरू होतो तिथे, एच1 द्या.

खटपट्या: एवढ्यासाठी जावा कशाला? पायथॉनमध्ये स्टॅक, म्हणजे चालू शीर्षकांची चळत, ठेवा. नवं शीर्षक आलं की त्याच्या बरोबरीची आणि त्याहून खालची सगळी काढायची, जे वर उरेल त्याच्या पोटात नवं घालायचं. मी कायम असंच करतो.

सदाफुली: करा, पण एलएक्सएमएल या पायथॉनच्या लायब्ररीत टॅग हलवला की तो बंद झाल्यावर लगेच येणारा मोकळा मजकूरही सोबत जातो, माझा एकदा अख्खा परिच्छेद भलतीकडे गेला होता.

खटपट्या: पी सगळे सुटे आहेत म्हणतायत ना ते, मग मोकळा मजकूर येणार कुठून?

जुना_टंक: श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर आधी युनिकोड करून घ्या, रफार नीट तपासा.

पाटावरचं_पाणी: युनिकोडच आहे काका. सॅक्सॉन चाललं!! पण पहिल्या एच1 च्या आधी अर्पणपत्रिका आहे तिचंही प्रकरण झालं, आणि 'विहीर' खाली थेट एच3 'मोट' आहे, ते सुटंच राहिलं.

सदाफुली: हे आधी सांगायचं ना. पहिला गट शीर्षकाने सुरू झाला नाही तरी तो गट बनतोच, म्हणून गटातला पहिला खरंच एच1 आहे का ते तपासा, असेल तरच सेक्शन करा. नसेल तर तोच गट पुढच्या पातळीला द्या, म्हणजे एच2, मग एच3. पातळी पॅरामीटर ठेवून फंक्शन लिहा, ते स्वतःलाच बोलवेल. शीर्षकच नसेल तर जसंच्या तसं उतरवा.

पाटावरचं_पाणी: झालं! 'मोट' आता 'विहिरी'च्या पोटात आहे, अर्पणपत्रिका बाहेर. मनापासून आभार, उद्या आजीला दाखवतो.