गोठवलेल्या प्लाझ्माची गोठण्याची चाचणी??

अडलेला अनुवादक: एका लॅबच्या सूचनापत्रकाचं मराठी करतोय. मुद्दा एवढाच की प्लाझ्मा (रक्तातला पेशी काढलेला पातळ भाग) फ्रीज करून ठेवला तर क्लॉटिंगच्या टेस्टचे आकडे बदलू शकतात. माझं वाक्य झालं वर दिलंय तसं. बायको म्हणाली, गोठलेलंच आहे तर परत गोठतंय का ते काय बघताय? दोन वेगळे शब्द सुचवा.

शब्दवेडा: पाणी गोठतं, रक्त साकळतं. संपला विषय. मुका मार लागला की आजी 'रक्त साकळलंय' म्हणायची, गोठलंय कधीच नाही. साखळीवरूनच आला असणार, क्लॉटमध्ये फायब्रिन या प्रथिनाचे धागे एकमेकांत अडकतात ना.

अनुस्वार: फायब्रिन आजीला माहीत होतं का? आणि साखळीवरून आला तर 'ख' कुठे गेला? परिभाषेत सरळ 'रक्तक्लथन' आहे, वापरा की.

लॅबवाली: क्लथन कोणी म्हणत नाही हो, आम्ही 'क्लॉट झालं' म्हणतो. त्यापेक्षा पत्रकात हे आलंय का बघा, फ्रीज करायच्या आधी दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली आणायच्या, नाहीतर त्या फ्रीज होताना फुटतात, त्यांच्या आवरणातलं फॉस्फोलिपिड (एक मेद) प्लाझ्मात उतरतं आणि त्यालाच चिकटून टेस्ट लांबवणारी ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट ही अँटिबॉडी असूनही टेस्ट नॉर्मल येऊ शकते. आणि वितळवायचं ३७ डिग्रीच्या वॉटरबाथमध्ये, झटपट. आमच्याकडे एका नव्या मुलाने नळ्या वितळायला रात्रभर साध्या फ्रिजमध्ये ठेवल्या, तळाला पांढरट गाळ बसला, त्याने वरचं वरचं उचललं. क्लॉटला लागणारी प्रथिनं, फॅक्टर ८ आणि फायब्रिनोजेन, बरीचशी त्या गाळात! एपीटीटी (टेस्टमध्ये क्लॉट व्हायला लागणारा वेळ) लांबला आणि सगळे पेशंटला शोधायला लागले.

शब्दवेडा: 'वितळवायचं' लिहिलंत, बरं वाटलं. हल्ली बर्फसुद्धा 'विरघळतो'.

लॅबवाली: इथे दोन्ही लागतात. प्लाझ्मा वितळतो, गाळ विरघळावा लागतो, म्हणून नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करायची.

अनुस्वार: मग फ्रीजला 'थिजवणे' घ्या. तेल थिजतं तसं.

शब्दवेडा: डोळेही थिजतात. 'थिजवलेला प्लाझ्मा' म्हणजे घाबरवलाय वाटेल.

नवखा: प्लाझ्मालाही मराठी हवं ना, रक्तरस?

लॅबवाली: रक्तरस म्हणजे सीरम. क्लॉट होऊन गेल्यावर उरलेलं पाणी, फायब्रिनोजेन संपलेलं, त्यावर क्लॉटिंगची टेस्ट कसली करणार? रक्तद्रव म्हणा, नाहीतर प्लाझ्माच राहू द्या.

अनुस्वार: नाहीतर कशाला? शब्द आहे तर वापरायला लाज कसली?

लॅबवाली: लाज नाही, घाई असते. रात्री २ वाजता नळीवर 'रक्तद्रव' लिहिणारा मला दाखवा.

अडलेला अनुवादक: अहो, मी लिहू काय? संध्याकाळी पाठवायचंय.

शब्दवेडा: @अनुस्वार, साखळदंडाला आमच्याकडे सर्रास साकळदंड म्हणतात. गेला की नाही 'ख'? जुना कोश माळ्यावर आहे, काढून फोटो टाकतो.