मदत हवी आहे: आरव्ही लावली तिथूनच एटीव्ही ट्रेलला लागता येईल अशी डोंगरातली जागा (कोलोरॅडो / युटा)

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. मी, बायको, दोन पोरं (१४ आणि ९) आणि जुलैत साताऱ्याहून आई-बाबा येतायत. गेल्या वर्षी एक सेकंडहँड २६ फुटी क्लास सी आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतली, त्यानंतर ऑफिसातल्या एकाकडून दोन जुन्या एटीव्ही (डोंगरवाटांवरच्या, हँडलच्या चारचाकी गाड्या) स्वस्तात मिळाल्या, म्हणजे लवाजमा सगळा जमलाय, घेऊन जायचा कुठे ते कळत नाहीये.

हवंय एवढंच की सकाळी चहा झाला की आरव्हीच्या दारातच एटीव्हीला स्टार्टर मारायचा आणि थेट डोंगरात. मधे ट्रेलर नको म्हणजे नको.

का ते सांगतो. गेल्या ऑगस्टमधे एका कॅम्पग्राऊंडचं (नाव घेत नाही) बुकिंग केलं, माहितीत लिहिलेलं 'एटीव्ही ट्रेल जवळ'. जवळच होता हो, अडीच मैल. पण कॅम्पग्राऊंडात एटीव्ही चालवायला बंदी आणि मधला रस्ता हायवे, तिथेही बंदी. आता ट्रेलर ओढणार कोण, तर आरव्हीच! म्हणजे रोज सकाळी अख्खं घर आवरायचं, पाण्याचा पाईप काढा, चाकाखालचे ठोकळे काढा, कढई-कुकर कपाटात कोंबा, गाड्या वर चढवा, पट्टे आवळा, अडीच मैल जा, उतरवा, आणि संध्याकाळी सगळं उलटं. दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेलेला, ओल्या रॅम्पवर मागचं चाक घसरलं, एक रॅम्प निसटून बाजूला आणि गाडी निम्मी ट्रेलरवर निम्मी अधांतरी. मी खालून खांदा लावून उभा, बायको वरून ब्रेक दाबून, धाकटा रडतोय. शेजारच्या ट्रकवाल्या आजोबांनी विंच (तार गुंडाळून ओढायचं यंत्र) लावून ओढली म्हणून निभावलं. बाबांच्या गुडघ्यांसमोर हा तमाशा परत करायचा नाहीये.

शोधाशोध करून दोन नावं पुढे आलीत. एक कोलोरॅडोतलं लेक सिटी, तिथून अल्पाइन लूप (डोंगरातून फिरून परत येणारा गोल रस्ता). दुसरं युटातलं मेरिसव्हेल, पायूट ट्रेलवर. कुणी आरव्ही घेऊन प्रत्यक्ष गेलंय का? आईला उंचीचा त्रास होतो हे पण धरा. आणि एक घरगुती प्रश्न, वर डोंगरात डाळ शिजतच नाही, कितीही उकळवा, काय करता तुम्ही?

भटकी_मांजर: लेक सिटीला आम्ही दोनदा गेलोय. जागा म्हणजे स्वर्ग आहे, वाद नाही. लूप साधारण ६५ मैलांचा, इंजिनियर पास (पास म्हणजे खिंड) १२,८०० फूट, सिनॅमन पास १२,६००च्या वर, मधे अ‍ॅनिमस फोर्क्स नावाचं ओसाड खाणगाव, लाकडी घरं अजून उभी आहेत, आत जाऊन बघता येतात. बाबांना नक्की आवडेल. पण आईंना उंचीचा त्रास असेल तर विचार करा, कारण गावच साडेआठ हजारांच्या वर आहे, म्हणजे झोपायलाही उंचावरच. जुलैत दुपारी रोज ढग भरून येतात आणि वर झाडं नाहीत, वीज कडाडायला लागली की लपायला जागा नाही, त्यामुळे आम्ही सहाला निघून बाराच्या आत पास उतरायचो. आणि सिल्व्हर्टनमधे जेवायचा बेत असेल तर गाव लागायच्या आधी बघा, २०२१ला तिथल्या लोकांनी मतदान करून गावातल्या रस्त्यांवर एटीव्ही बंद केल्यात.

गिअर_न्यूट्रल: दादा तुमचा मोठा पोरगा एटीव्ही चालवणार का? कारण हा लूप म्हणजे बराचसा काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) रस्ता, तिथे ड्रायव्हिंग लायसन्स आणि इन्शुरन्स लागतो. १४ वर्षांचं पोरगं तीन दिवस मागे बसून राहील तर बघा, आमचं राहिलं नव्हतं, तोंड फुगवून बसलेलं.

त्या हिशोबाने पायूट बरा. फिशलेक नॅशनल फॉरेस्टमधून मुख्य लूपच २७५ मैलांच्या आसपास, सुरुवात नाही शेवट नाही, कुठूनही शिरा. मजा म्हणजे तो गावागावांतून जातो, मेरिसव्हेल, सर्कलव्हिल वगैरे ठिकाणी एटीव्हीवर बसूनच पेट्रोल भरायला नि बर्गर खायला जातात लोक, कुणी वळूनही बघत नाही. मेरिसव्हेल सहा हजार फुटांच्या आत आहे म्हणजे रात्रीची झोप आईंना सोसेल, दिवसा हवं तेवढं वर जा. गावातल्या आरव्ही पार्कांतून थेट ट्रेलला निघता येतं. पार्क नको असेल तर फ्रीमाँट इंडियन स्टेट पार्कचं कॅम्पग्राऊंड बघा, पायूट तिथूनच जातो आणि दगडांवर जुनी कोरीव चित्रं आहेत, आजी-आजोबांना तेवढाच विरंगुळा.

फक्त कागदपत्रं आधी करा. युटात २०२३ पासून मोठ्यांनाही ऑनलाईन कोर्स सक्तीचा आहे, एकदाच करायचा. १८च्या खालच्यांचा वेगळा, आणि त्यांना हेल्मेट पाहिजेच. बाहेरच्या राज्यातल्या गाडीला तिथलं परमिट वेगळं.

बुकिंगच्या वेळी 'ट्रेल जवळ आहे का' असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. 'माझ्या साईटवरून ट्रेलर न जोडता ट्रेलवर जाता येतं का' असं विचारा. आणि फॉरेस्ट सर्व्हिसचा एमव्हीयूएम नकाशा फुकट मिळतो, कुठला रस्ता कुठल्या गाडीला खुला ते त्यात असतं, फोनवर जे सांगितलं ते त्याच्याशी ताडून बघा.

सुगरण_ऑन_व्हील्स: डाळीचं मी सांगते. नऊ हजार फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ रात्रभर ठेवलीत तरी ढिम्म. कुकर न्या, डाळ तासभर भिजवा आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. राजमा-छोले घरूनच शिजवून न्या, वर त्या नादाला लागू नका. आणि दादा, आई-बाबांना एटीव्हीच्या मागे बसवू नका हो, एकसीटी गाडीवर दोघं बसणं बरोबर नाही. गावात चार सीटची साइड बाय साइड (हँडलऐवजी स्टिअरिंग असलेली एटीव्हीसारखी गाडी) भाड्याने मिळते, पट्टा लावून आरामात बसतात.

मूळ धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, विशेषतः लायसन्सचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मेरिसव्हेल पक्कं करतोय, जुलैचा शेवटचा आठवडा. आज एका पार्कला फोन करून गिअरभाऊंनी सांगितला तसाच प्रश्न विचारला, बाई म्हणाल्या गेटमधून बाहेर पडा की डावीकडे ट्रेल. नकाशातही तसंच दिसतंय. बाबांना व्हिडिओ कॉलवर साइड बाय साइडचा फोटो दाखवला तर म्हणतात ही तर रिक्षाच की, मी राजदूतवर केळघर घाट उतरलेला माणूस, मला हँडलच पाहिजे. आता त्यांना कोण समजावणार.

तिथपर्यंत ट्रेलर न्यायचा आहेच, आणि माझे दोन रॅचेट पट्टे त्या रॅम्पच्या भानगडीत फाटलेत. ऑरोराच्या आसपास कुणाकडे जास्तीचे आहेत का? एका आठवड्यात परत करेन.