वेब परिषद आणि पुण्यातली मुलं: थोडी भर

एक प्रश्न विचारला गेलाय की पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी आंतरराष्ट्रीय वेब परिषदेला (वर्ल्ड वाइड वेबवरच्या संशोधनाची परिषद) पेपर, म्हणजे शोधनिबंध, पाठवावा का, की तिथे फक्त परदेशी विद्यापीठांचीच डाळ शिजते. मला मनापासून वाटतं, पाठवावा.

ही परिषद १९९४ साली जिनिव्हाजवळ सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुरू झाली. गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांचा गूगलच्या रचनेवरचा पेपर १९९८ च्या ब्रिस्बेनच्या परिषदेतला, आणि तेव्हा दोघेही स्टॅनफर्डचे विद्यार्थीच होते. २०११ मध्ये तर ती हैदराबादला भरली होती. नकाराची भीती असेल तर हेही सांगतो: १९९१ च्या हायपरटेक्स्ट (दुव्यांनी जोडलेला मजकूर) परिषदेत खुद्द वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा वेबवरचा पेपर स्वीकारला गेला नव्हता, त्यांना नुसतं प्रात्यक्षिक दाखवावं लागलं.

पेपरचा विषय तर आपल्या हाताशीच आहे: मराठीतला शोध. 'पुणे' शोधणाऱ्याला 'पुण्याहून', 'पुण्यातल्या', 'पुण्याचा' असलेली पानंही मिळायला हवीत. सामान्यरूप (प्रत्ययाआधी बदललेलं रूप, जसं 'पुण्या') आणि प्रत्यय एकमेकांना चिकटतात, त्यामुळे शब्दाचा शेवट छाटून मूळ शब्द काढायची इंग्रजीसाठी लिहिलेली पद्धत इथे चालत नाही. संगणकावरच्या भारतीय लिप्यांवर सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने याच शहरात बरंच काम केलंय. मराठीचे हे प्रश्न आपण नाही मांडायचे तर कोणी?

मात्र चार दिवसांत 'स्वीकृत' कळवून लगेच फी मागणाऱ्या परिषदांपासून लांब राहा. परीक्षकांचे सविस्तर अभिप्राय येत नसतील तर ते पैसे पाण्यात. सुरुवातीला पोस्टर किंवा कार्यशाळेसाठी लिहा, आणि विद्यार्थ्यांसाठी प्रवासमदत आहे का, हे त्या वर्षीच्या आयोजकांना आधीच विचारा.