मदत हवी आहे : आईला वाचून दाखवायला पुस्तकं सुचवा

मी ग्वाल्हेरला, लश्कर भागात राहते. आईची नजर अधू झाल्यापासून रात्री जेवणं आटोपली की मीच तिला वाचून दाखवते. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ (१९०७) तिला फार भावला. झाशीच्या वेढ्याची पानं ऐकताना तिच्या हातातली जपमाळ थांबली होती. ‘रणांगण’ (१९३९) ही कादंबरी मला जबरदस्त वाटली, पण बोटीवरची इतकी माणसं नुसतं ऐकून लक्षात ठेवणं आईला जड गेलं. एक नवी रहस्यकथा अर्ध्यावरच सोडली. खुनी कोण ते तिनं तिसऱ्याच प्रकरणात ओळखलं.

आता ‘स्मृतिचित्रे’सारखं, समोर बसून बोलल्यासारख्या भाषेतलं आत्मचरित्र किंवा प्रवासवर्णन सुचवाल का? प्रकरणं छोटी हवीत. आणि घरपोच मागवता येईल असंच सांगा, प्लीज.