मदत हवी आहे : नामशेष घुबड आणि कुंडीखालचा किडा

नमस्कार मंडळी. सोलापुरात सातवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी विषय घेतलाय : न्यूझीलंडचं लाफिंग आऊल संपलं, मग हात लावताच गोळी होणारा कुंडीखालचा करडा किडा कसा टिकला? मला विषय फार आवडला. घुबड खडकांच्या कपारीत घरटं करायचं, माणसांनी आणलेल्या मांजरी आणि स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) यांच्यापुढे त्याचा निभाव लागला नाही. शेवटची पक्की नोंद १९१४ ची. किडा खरं तर खेकड्यांच्या गटातला, पाय सात जोड्या, मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते.

त्याला श्वासासाठी ओलावा लागतो आणि आपल्याकडची हवा कोरडी. डब्यात दिवसभर जिवंत कसे ठेवावेत? ओला पाला पुरेल का? शिवाय, शहाद्याजवळ १९९७ मध्ये पुन्हा सापडलेला रानपिंगळाही (हेही एक छोटं घुबडच) तक्त्यात घ्यावा का?